पुस्तकात आहे, पण टेबलावर चालत नाही: पात्राचा पर्याय नेमका कुठे अडतो ते शोधताना

लक्षणं

पाथफाइंडर किंवा डी अँड डीसारखे टेबलावरचे रोल-प्लेइंग खेळ खेळताना खालच्यापैकी एखादी गोष्ट तुमच्या बाबतीत वारंवार होत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

- जीएम (खेळ चालवणारा गेम मास्टर) तुमची शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेला कागद, वाचता वाचता एका ओळीवर बोट ठेवतो, "हे कुठून घेतलंय?" विचारतो, आणि तुम्हाला पुस्तकाचं नाव चटकन आठवत नाही.
- मागच्या वेळी एका टेबलावर विनातक्रार चाललेली फीट (पात्रासाठी निवडलेली खास क्षमता) आज दुसऱ्या टेबलावर अडते.
- ॲपने पात्र बनवू दिलं, कुठे लाल खूण दाखवली नाही, तरी आयोजक नाही म्हणतात.
- पर्याय पुस्तकात डोळ्यांसमोर छापलेला आहे, पण मोहिमेच्या यादीत त्याचं नाव नाही. किंवा याच्या उलट: यादीत नाव आहे, पण तुमच्या पुस्तकात त्या नावाचं काहीच सापडत नाही.
- नेटवर शोधलं तर "चालतं" आणि "चालत नाही" अशी दोन्ही उत्तरं मिळतात, आणि दोघंही ठामपणे लिहितात.

मी बरीच वर्षं टेबलावर बसण्याआधी लोकांच्या शीट तपासत आले आहे, आणि बिघाड जवळजवळ दरवेळी तोच असतो. घरच्या खेळात जीएमने हो म्हटलं की विषय संपतो. ऑर्गनाइज्ड प्लेमध्ये, म्हणजे अनेक टेबलांवर एकाच नियमांनी चालणाऱ्या सामायिक मोहिमेत, तुमचं पात्र आज या जीएमसमोर तर पुढच्या वेळी कधीही न भेटलेल्या जीएमसमोर बसतं, आणि दोन्हीकडे ते अगदी तेच असावं लागतं. म्हणून तिथे दोन वेगळे कागद असतात. नियमपुस्तक सांगतं की पर्याय काय करतो. मोहिमेची यादी सांगते की तो घेता येतो का. खेळाडू पहिला कागद दाखवतो, जीएम दुसरा मागतो, आणि दोघांनाही वाटतं की समोरचा ऐकत नाही.

ही व्यवस्था आजची नाही. आरपीजीए या खेळाडू-संघटनेची लिव्हिंग ग्रेहॉक मोहीम २००० ते २००८ चालली. त्यातही कित्येक वस्तू साहसानंतर मिळणाऱ्या नोंदपत्रावर नाव आल्याखेरीज विकत घेता येत नसत. पाथफाइंडर सोसायटी २००८ साली सुरू झाली, डी अँड डीची ॲडव्हेंचरर्स लीग २०१४ साली. मी जास्त करून सोसायटीची टेबलं बघितली आहेत, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील. लीगमध्ये वेगळं असेल तिथे तसं सांगेन.

तपासण्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. पहिल्या तीन फुकट आहेत, पाच-दहा मिनिटांत होतात, आणि माझ्यापुढे आलेल्या बहुतेक शीट त्या तिघींतच सुटल्या आहेत.

पहिली: मोहीम कोणती, आवृत्ती कोणती

हे इतकं साधं आहे की कोणी बघतच नाही. पाथफाइंडर सोसायटी म्हणजे एक मोहीम नव्हे. पहिल्या आवृत्तीच्या नियमांवरची वेगळी, ऑगस्ट २०१९ पासून सुरू झालेली दुसऱ्या आवृत्तीची वेगळी, आणि २०१७ पासूनची स्टारफाइंडर सोसायटी आणखी वेगळी. पहिल्या आवृत्तीच्या परवानगी-यादीचं नाव "ॲडिशनल रिसोर्सेस". दुसऱ्या आवृत्तीच्या यादीचं नाव "कॅरेक्टर ऑप्शन्स". दोन्ही अधिकृत आहेत, दोन्ही सापडतात, आणि चुकीची यादी उघडली तर उत्तरही चुकीचंच मिळतं.

पॉवर अटॅकचं बघा. पहिल्या आवृत्तीत ती कोणत्याही क्लासला (पात्राच्या पेशाला) घेता येणारी फीट आहे, फक्त १३ स्ट्रेंग्थ आणि किमान एक बेस अटॅक बोनस हवा. मारण्याची अचूकता कमी करायची आणि त्या बदल्यात इजा वाढवायची. दुसऱ्या आवृत्तीत ती फायटरची क्लास फीट आहे, दोन ॲक्शन खर्च करून एकच जोरदार वार. नाव एक, पण काम आणि अटी दोन्ही वेगळ्या. एकाने दुसऱ्या आवृत्तीच्या रेंजरवर पॉवर अटॅक लिहून आणली होती आणि पहिल्या आवृत्तीची यादी छापून पुराव्याला जोडली होती. त्याने मेहनत घेतली होती, फक्त ती भलत्याच मोहिमेवर गेली.

म्हणून शीटच्या अगदी वर, नावाच्याही आधी, मोहीम आणि आवृत्ती लिहा. पुढचं प्रत्येक पान उघडताना ते तिथे जुळतंय ना, एवढंच बघायचं.

दुसरी: पर्यायाचं पुस्तक आणि पान

शीटवर नुसतं "एक्स्ट्रा काहीतरी" लिहिलेलं असेल तर तपासायला काहीच हाती नसतं. परवानगीच्या याद्या पुस्तकांप्रमाणे लावलेल्या असतात. पुस्तक माहीत नसेल तर यादीत कुठे बघायचं तेच कळत नाही.

यातला नेहमीचा खड्डा म्हणजे पर्याय ज्या संकेतस्थळावर वाचला ते. पहिल्या आवृत्तीसाठी खूप जण डी२०पीएफएसआरडी वापरतात. तिथे मजकूर भरपूर आहे आणि शोधायलाही सोपं. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, तिथे पाथफाइंडरची प्रकाशक पैझो हिच्याबरोबर इतर प्रकाशकांचंही साहित्य आहे, आणि सोसायटीत दुसऱ्या प्रकाशकाचं काही चालत नाही. दोन, परवान्याच्या अटींमुळे तिथे गोलॅरियन या पाथफाइंडरच्या काल्पनिक जगाशी बांधलेली नावं बदललेली असतात. देव, संघटना, देश यांची नावं ज्या फीटमध्ये किंवा ट्रेटमध्ये होती, ती तिथे दुसऱ्याच नावाने आहेत. तुम्ही ते बदललेलं नाव अधिकृत यादीत शोधता, सापडत नाही, आणि बंदी आहे असं समजून बसता. पर्याय चालत असतो, फक्त त्याचं खरं नाव दुसरं असतं.

पैझोच्या परवानगीने चालणाऱ्या आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या संकेतस्थळावर मूळ नाव, पुस्तक आणि पान तिन्ही दिलेलं असतं, शिवाय सोसायटीची खूणही दिसते. मी शीट तपासताना पहिल्यांदा तिथेच जाते. मात्र ती खूण म्हणजे यादीचं प्रतिबिंब आहे, यादी नव्हे. शंका असेल तर अधिकृत यादीचाच शब्द शेवटचा.

तिसरी: ॲपमधली बटणं

पात्र बनवणारी ॲप नियम पाळतात, मोहीम पाळत नाहीत. एखादी फीट घेण्यासाठी लागणारी लेव्हल आणि कौशल्य तुमच्याकडे आहे का, हे ॲप बघतं. ती फीट तुमच्या मोहिमेत आहे का, हे बघणं त्याचं काम नाही, आणि तुम्ही सांगितल्याशिवाय ते बघणारही नाही.

डी अँड डी बियाँडमध्ये पात्र बनवायला सुरुवात करतानाच होमब्रू (घरी बनवलेल्या) आणि प्लेटेस्ट (चाचणीच्या) साहित्याची बटणं असतात. दोन्ही बंद करा. अनअर्थ्ड आर्कानाचा चाचणी मजकूर लीगमध्ये चालत नाही, पण बटण चालू राहिलं तर तो क्लासच्या यादीत इतर सगळ्यांच्या रांगेत बसतो, आणि निवडताना डोळ्याला फरक कळतही नाही. पाथफाइंडरच्या पाथबिल्डर ॲपमध्येही कोणती पुस्तकं धरायची आणि दुर्मीळ पर्याय दाखवायचे की नाही, हे आधी ठरवून घ्या.

मी सांगते ते असं: बटणं नीट लावून झाल्यावर त्याच पात्राची नवी प्रत अगदी पहिल्या पायरीपासून बनवा. जुनी प्रत उघडून बघितली तर आधी घेतलेले पर्याय तसेच राहतात आणि काही बिघडलंय असं वाटतच नाही. नव्या प्रतीत जो पर्याय यादीत दिसत नाही, तोच अडणारा.

चौथी: यादीतलं वाक्य पहिल्या शब्दापासून वाचा

इथे जरा थांबा. माझ्या अनुभवात हुशार, तयारीने येणारे खेळाडू इथेच चुकतात.

ॲडिशनल रिसोर्सेसमध्ये काही पुस्तकांखाली "खालील सोडून सर्व चालेल" असं वाक्य आहे, तर काहींखाली "फक्त खालील चालेल" असं. त्यामागे नावांची स्वल्पविरामाने जोडलेली लांबच लांब माळ. एका मुलीने यादीचं पान छापून आणलं होतं, तिला हवी असलेली फीट पिवळ्या मार्करने रंगवून. नाव छापलेलं होतं यात वादच नव्हता. पण वाक्याची सुरुवात पाच ओळी वर होती, आणि ते वाक्य वगळलेल्या गोष्टींचं होतं. तिने पुरावा म्हणून जे रंगवलं तेच तिच्या विरुद्ध होतं. मी बोटाने ओळ मागे मागे नेत पहिल्या शब्दापर्यंत गेले, तेव्हा तिला दिसलं. वाईट वाटलं, कारण तिने पात्राची सगळी कथा त्या एका फीटभोवती रचली होती.

तेव्हा नाव सापडलं की तिथे थांबू नका. बोट मागे न्या, वाक्य कुठे सुरू होतं ते शोधा, आणि तिथून परत तुमच्या नावापर्यंत या. त्याच पुस्तकाखाली फीट, स्पेल, आर्किटाइप (क्लासचा बदललेला प्रकार) यांची वेगवेगळी वाक्यं असतात. आर्किटाइपचं वाक्य वगळण्याचं असेल आणि स्पेलचं "फक्त हेच" असं असेल, हे अगदी शक्य आहे. समनर या क्लासच्या सिंथेसिस्ट आणि मास्टर समनर या आर्किटाइप पहिल्या आवृत्तीच्या सोसायटीत बंद होत्या. पुस्तक चालत होतं, क्लास चालत होता, तरी या दोन नव्हत्या. पुस्तक चालतं म्हणजे त्यातलं सगळं चालतं, ही समजूत इथेच मोडते.

दुसऱ्या आवृत्तीची यादी वाचायला सोपी आहे. तिथे प्रत्येक पर्यायाला तीनपैकी एक दर्जा असतो: स्टँडर्ड, लिमिटेड, रिस्ट्रिक्टेड. स्टँडर्ड म्हणजे अटी पूर्ण होत असतील तर घ्या, कोणाला विचारायला नको. रिस्ट्रिक्टेड म्हणजे मोहिमेत नाही. लिमिटेड म्हणजे दार आहे पण कुलूप लावलेलं आहे, किल्ली दुसरीकडून आणायची. ती कुठून, हे सातव्या तपासणीत येतं.

यादी शेवटची कधी बदलली तेही बघा आणि शीटच्या कोपऱ्यात ती तारीख टिपून ठेवा. नवं पुस्तक आलं की यादी बदलते. मागच्या टेबलावर चाललेलं आज अडतं, त्याचं कारण पुष्कळदा जीएमचा स्वभाव नसून यादीची तारीख असते.

पाचवी: दुर्मीळतेची खूण आणि ॲक्सेस

दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक गोष्ट कॉमन, अनकॉमन, रेअर किंवा युनिक असते. खेळाडू "अनकॉमन" वाचतात आणि घाबरून सोडून देतात. जीएमही पुष्कळदा अनकॉमन दिसलं की नाही म्हणून मोकळे होतात. दोघंही घाई करतात.

अनकॉमनचा अर्थ एवढाच की तुम्हाला त्या गोष्टीचा ॲक्सेस (ती घेण्याचा हक्क) दाखवावा लागेल. तो ॲक्सेस तुमच्याच शीटवर आधीपासून असू शकतो. ड्वार्व्हन वॉरॲक्स घ्या. २०१९ च्या कोअर रूलबुकमध्ये ती अनकॉमन आहे, शिवाय ॲडव्हान्स्ड, म्हणजे वापरायला सगळ्यात कठीण प्रकारातली. आता एका ड्वार्फकडे ड्वार्व्हन वेपन फॅमिलियॅरिटी ही वंशाची फीट आहे. त्या फीटच्या मजकुरात स्पष्ट लिहिलंय की ड्वार्फांच्या सगळ्या अनकॉमन शस्त्रांचा ॲक्सेस मिळतो. झालं, कुऱ्हाड त्याची. माणूस वंशाच्या फायटरकडेही रस्ता आहे. अनकन्व्हेन्शनल वेपनरी ही फीट अशा एका शस्त्राचा ॲक्सेस देते, आणि सगळी मार्शल शस्त्रं येत असतील तर ॲडव्हान्स्डसुद्धा निवडू देते. विझर्डने मात्र ही फीट घेतली तरी ही कुऱ्हाड त्याच्या हाती येत नाही, कारण ती शेवटची अट तो पुरी करत नाही. तीच कुऱ्हाड, तीच अनकॉमन खूण, आणि तिघांची तीन उत्तरं.

ड्वार्फांचा क्लॅन डॅगरही अनकॉमन आहे, पण जन्मताच मिळालेला म्हणून प्रत्येक ड्वार्फला तो फुकट मिळतो. हा खंजीर शीटवरून खोडायला लावलेला मी स्वतः बघितलाय. खेळाडू नवा होता, गप्प बसला. वंशाचं पान उघडून दाखवलं असतं तर अर्ध्या मिनिटात प्रश्न मिटला असता.

म्हणून शीटवर अनकॉमन गोष्टीच्या शेजारीच ॲक्सेस कुठून आला ते लिहा. फीटची यादी एका पानावर आणि शस्त्रांची दुसऱ्या पानावर असते, त्यामुळे जीएमला दोन्हींचा संबंध लागत नाही. "वॉरॲक्स, ॲक्सेस: ड्वार्व्हन वेपन फॅमिलियॅरिटी" एवढं लिहिलं तरी कोणी विचारत नाही.

सहावी: मोहिमेने बदललेले मूळ नियम

इथवर आपण निवडलेल्या पर्यायांबद्दल बोललो. पण कधी कधी न निवडता आपोआप आलेली गोष्टच चुकीची असते, आणि ती कोणी यादीत शोधत नाही, कारण ती पर्याय वाटतच नाही.

पहिल्या आवृत्तीच्या पुस्तकात विझर्डला पहिल्या लेव्हलला स्क्राइब स्क्रोल ही फीट आपोआप मिळते. सोसायटीत जादूच्या वस्तू बनवण्याच्या फीट चालत नाहीत, म्हणून तिथे विझर्डला तिच्या जागी स्पेल फोकस मिळते. अल्केमिस्टला ब्रू पोशनऐवजी एक्स्ट्रा बॉम्ब्स. ज्याने पुस्तकातून सरळ उतरवून घेतलं, त्याच्या शीटवर न चालणारी फीट असते आणि हक्काची फीट नसते. दोन्हीकडून नुकसान. स्पेल फोकस हातात असतानाही न वापरता चार-चार लेव्हल खेळलेले विझर्ड मला भेटले आहेत.

आकड्यांचंही तसंच. पहिल्या आवृत्तीच्या सोसायटीत क्षमतांसाठी २० गुण आणि सुरुवातीला १५० सोन्याची नाणी. दुसऱ्या आवृत्तीत १५ नाणी. लीगमध्ये २७ गुणांची खरेदी किंवा १५, १४, १३, १२, १०, ८ हा ठरलेला संच. फासे टाकून काढलेल्या क्षमता कुठेच चालत नाहीत. शीटवर दोन-दोन १८ दिसले की जीएम बाकीचं काही न वाचता इथेच थांबतो.

काही पर्याय एकटे चालत नाहीत पण जोडीने चालतात. लीगच्या सुरुवातीच्या सीझन्समध्ये लॉफुल ईव्हिल (शिस्तीची पण दुष्ट) वृत्तीचं पात्र फक्त लॉर्ड्स अलायन्स किंवा झेंटॅरिम गटातच असू शकायचं, आणि पहिल्या लेव्हललाच उडता येणारे वंश बंद होते. लीगमध्ये बराच काळ मूळ प्लेयर्स हँडबुक आणि आणखी एकच पुस्तक एवढीच मुभा होती. तो नियम पुढे निघाला, पण जुन्या खेळाडूंच्या तोंडी अजून आहे. कोणी हा नियम सांगितला तर चालू प्लेयर्स गाइड उघडा आणि तिथे तो आहे का ते बघा.

हे सगळं पात्र-पर्यायांच्या यादीत सापडत नाही, मोहिमेच्या मार्गदर्शकात सापडतं. तो वाचायला वेळ लागतो, म्हणून ही तपासणी मी सहावी ठेवली.

सातवी: क्रॉनिकल, बून आणि पुस्तकाची मालकी

लिमिटेड पर्यायाची किल्ली बहुधा तुमच्या खेळण्याच्या इतिहासात असते. एखाद्या साहसानंतर मिळणाऱ्या क्रॉनिकल शीटवर (नोंदपत्रावर) "या पात्राला अमुक वस्तू घेता येईल" असं लिहिलेलं असतं, किंवा खेळून मिळालेले ॲचीव्हमेंट पॉइंट्स खर्च करून बून (खास परवानगी) घ्यावं लागतं. इथे नेमकं दोन ठिकाणी अडतं. क्रॉनिकल एका पात्राच्या नावावर असतं आणि तुम्ही हक्क दुसऱ्याच पात्रावर लावलेला असतो. किंवा पॉइंट्स पुरेसे आहेत, बून घ्यायचं मनात आहे, पण पैझोच्या खात्यातून ते प्रत्यक्ष घेतलेलंच नसतं. खेळायला बसण्याआधी ते घेतलेलं हवं.

क्रॉनिकलची वही घरी ठेवून येऊ नका. फोनमधला फोटोही चालवून घेणारे जीएम आहेत, पण अंधुक फोटोवर पात्राचा क्रमांक वाचता आला नाही तर कोणी काही करू शकत नाही.

मालकीचं थोडक्यात सांगते. मूळ पुस्तकांपलीकडचा पर्याय वापरायचा तर ते पुस्तक तुमच्याकडे असावं, ही सोसायटीची जुनी अट आहे: छापील प्रत, किंवा पानांवर खरेदीदाराचं नाव उमटलेली पीडीएफ. संकेतस्थळावर मजकूर फुकट वाचता येतो म्हणून ही अट सुटत नाही.

आठवी, आणि सगळ्यात किचकट: रिमास्टर आणि जुन्या पात्रांची सवलत

ही तपासणी शेवटी ठेवली कारण यात वेळ जातो आणि उत्तर दरवेळी स्वच्छ मिळत नाही.

२०२३ च्या सुरुवातीला ओपन गेम लायसन्सवरून (डी अँड डीचे नियम इतर प्रकाशकांना वापरू देणारा परवाना) मोठा वाद झाला. पैझोने आपले नियम त्या परवान्यापासून सोडवून नव्याने मांडले; यालाच रिमास्टर म्हणतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्लेयर कोअर आणि जीएम कोअर आली, २०२४ मध्ये प्लेयर कोअर २. या खटाटोपात शेकडो नावं बदलली. मॅजिक मिसाइलचं फोर्स बराज झालं, फ्लॅट-फुटेडचं ऑफ-गार्ड, आपल्या पॉवर अटॅकचं व्हिशस स्विंग. आसिमार आणि टीफलिंग मिळून नेफिलिम झाले. सद्वृत्ती-दुर्वृत्तीची जुनी चौकटच गेली.

तुमच्या शीटवर २०१९ ची नावं असतील आणि जीएमसमोर नवी पुस्तकं असतील, तर तो तुमचा पर्याय शोधतच राहतो. तेव्हा आधी ठरवा की तीनपैकी काय झालंय. नुसतं नाव बदललंय? नाव तेच ठेवून मजकूर नव्याने लिहिलाय? की तो पर्याय नव्या पुस्तकात आलाच नाही? तिन्हींना मोहिमेचे नियम वेगळे लागू होतात, आणि हे न ठरवता मार्गदर्शक उघडला तर कुठला परिच्छेद आपला तेच कळत नाही. नाव बदललं असेल तर शीटवर नवं नाव लिहा, कंसात जुनं. मजकूर बदलला असेल तर जुन्या पुस्तकावर विसंबू नका, नवा मजकूर एकदा पूर्ण वाचा. अचूकता, पल्ला, दर दिवशी किती वेळा, यात फरक पडलेला असू शकतो. आलाच नसेल तर जुन्या पुस्तकाचं नाव आणि पान जपून ठेवा.

जुन्या पात्रांची सवलत हा याचाच भाऊ. २०१५ साली पाथफाइंडर अनचेन्ड आलं, त्यात समनर नव्याने लिहिला होता. सोसायटीने नव्या पात्रांना जुना समनर बंद केला, पण आधी खेळलेले जुने समनर चालू राहिले. त्यामुळे एकाच टेबलावर दोन खेळाडू, दोघंही समनर, एकाला जुना चालतो आणि दुसऱ्याला नाही, असं खरंच व्हायचं. यात न्याय-अन्याय शोधू नका. सवलत पात्राला असते, खेळाडूला नाही, आणि ती जुन्या क्रॉनिकलच्या तारखेवरून ठरते. ती तारीख दाखवता येत असेल तर पुढे चला.

पर्याय खरंच चालत नाही असं निघालं तर

पात्र पहिल्या लेव्हलचं असेल तर निश्चिंत राहा. सोसायटीत दुसऱ्या लेव्हलवर खेळायला बसेपर्यंत ते हवं तसं नव्याने बांधता येतं. फीट बदला, क्लास बदला, फक्त क्रमांक तोच राहील. म्हणूनच मी नवख्यांना सांगते की या सगळ्या तपासण्या पहिल्या दोन-तीन साहसांतच उरका. नंतर बदल महाग पडतो.

त्या दिवसापुरतं प्रीजेन घ्या. क्यरा, व्हॅलेरोस, एझ्रेन, मेरिसिएल ही तयार पात्रं याचसाठी आहेत. श्रेय तुमच्या स्वतःच्या पात्राला लावता येतं, आणि पाच जणांचा खेळ तुमच्या एका फीटसाठी खोळंबत नाही.

कुठे थांबायचं आणि कोणाकडे जायचं

टेबलावर दहा मिनिटं गेली आणि उत्तर मिळालं नाही, तर थांबा. सिनारिओ चार-पाच तासांत संपवायचा असतो. जीएम त्या दिवसापुरतं जे म्हणेल ते मान्य करून खेळा. मोहिमेत नसलेली गोष्ट चालू करायचा किंवा असलेली बंद करायचा अधिकार जीएमलाही नाही, त्यामुळे त्याने नाही म्हटलं म्हणजे पर्याय कायमचा गेला असं नव्हे. आणि हो म्हटलं म्हणून पुढच्या टेबलावर तो पुरावा होत नाही.

यादी आणि पुस्तक यांचा मजकूर एकमेकांशी भिडत असेल, एकाच नावाचे दोन पर्याय असून यादीत कुठला म्हटलाय ते कळत नसेल, किंवा उत्तर "लिहिणाऱ्याला काय म्हणायचं असेल" यावर येऊन अडत असेल, तर ते तुमच्या हाताबाहेरचं आहे. अशा वेळी मीसुद्धा माझं मत देत नाही. माझं मत घेऊन खेळाडू पुढच्या टेबलावर जातो आणि तिथे पुन्हा अडतो.

क्रॉनिकल हरवलं असेल, पात्राचा क्रमांक चुकीचा नोंदला गेला असेल, किंवा खात्यात खेळ दिसतच नसेल, तर स्वतः खाडाखोड करू नका. ज्या आयोजकाने तो खेळ नोंदवला त्यालाच तो दुरुस्त करता येतो. दुसऱ्या लेव्हलनंतर न चालणारा पर्याय सापडला, विशेषतः त्यावर पुढच्या फीट उभ्या असतील, तर पात्र एकट्याने मोडून पुन्हा बांधू नका. आधी व्हेंचर ऑफिसरशी, म्हणजे सोसायटीच्या स्थानिक स्वयंसेवक अधिकाऱ्याशी, बोला. व्हेंचर एजंट, व्हेंचर लेफ्टनंट, व्हेंचर कॅप्टन, त्यांच्यावर प्रादेशिक समन्वयक अशी उतरंड आहे. सगळ्यात जवळच्यापासून सुरुवात करा. त्यांना माहीत नसेल तर तेच वर विचारतात.

विचारताना "ही फीट चालते का?" एवढंच लिहू नका. मोहीम आणि आवृत्ती, पर्यायाचं पूर्ण नाव, पुस्तक आणि पान, यादीतलं ते वाक्य जसंच्या तसं पहिल्या शब्दापासून, यादीची तारीख, आणि क्रॉनिकल असेल तर त्याचा स्वच्छ फोटो. एवढं पाठवलं की उत्तर बहुतेक वेळा एका ओळीत येतं. ती ओळ, देणाऱ्याचा हुद्दा आणि तारीख शीटच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा.